जुन्या मोटारीची निगा – लेखांक सातवा : थेंबाचा उगम

मोटारीखाली पडलेल्या डागाच्या बाबतीत मालकांचे दोनच वर्ग आढळतात. पहिल्या वर्गातील गृहस्थ डाग दिसताक्षणी इंजिन उतरविण्याच्या गोष्टी बोलू लागतात. दुसऱ्या वर्गातील गृहस्थ ‘जुन्या गाडीचं एवढं चालायचंच’ या एका वाक्यावर वर्षानुवर्षे निभावून नेतात. आणि खाली वाकून, तो डाग बोटाला लावून, तो नेमका कशाचा आहे एवढी प्राथमिक चौकशी करण्याचे कष्ट या दोहोंपैकी बहुधा कोणीच घेतलेले नसतात. गळतीच्या कामात हातात पाना घेण्याची वेळ सर्वांत शेवटी येते, आणि तोवरचा सगळा मामला डोळ्यांचा, नाकाचा व थोड्या धीराचा असतो, हे प्रस्तुत लेखांकात सांगावयाचे आहे.

उदाहरणासाठी आपल्याकडील दोन सुपरिचित गाड्या घेऊ. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागलेली फियाट ११०० ही एक. आणि उत्तरपाड्याची, मॉरिस ऑक्सफर्डच्या घराण्यातील अँबॅसडर, जिचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, ही दुसरी. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादेच्या हुकुमाने कायमची गेली. तथापि खाजगी मालकांच्या पडवीत आणि सोसायट्यांच्या आवारात या दोन्ही गाड्या अद्याप नांदत आहेत. दोहोंचीही इंजिने पुढे आणि चाल मागच्या चाकांना असल्याने इंजिन, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट व डिफरन्शियल ही सगळी मंडळी गाडीच्या लांबीभर एका ओळीत बसलेली असतात, आणि म्हणून डाग पुढच्या चाकांपासून किती अंतरावर पडला यावरूनच संशयितांची यादी पुष्कळ आखूड होते. रात्री गाडी उभी करताना तिच्याखाली खोक्याचा पुठ्ठा पसरून त्यावर चारही चाकांच्या जागा पेन्सिलीने आखून ठेवल्या, की सकाळी हा हिशेब आयता हातात पडतो.

प्रथम द्रवाची ओळख. इंजिन ऑईल नवे असताना मधाळ, वापरल्यावर काळे, आणि बोटांत चोळले असता स्निग्ध लागते. गिअरबॉक्समधील अथवा डिफरन्शियलमधील नव्वद नंबरचे तेल त्याहून दाट असते. त्यातील गंधकयुक्त द्रव्यांमुळे त्याला असा उग्र दर्प येतो, की एकदा हुंगलेला मनुष्य तो विसरत नाही. रेडिएटरचे पाणी साधे असेल तर गंजाने तांबूस, आणि कूलंट असेल तर बहुधा हिरवे व गोडसर वासाचे. मात्र हा गोडवा विषारी असतो, सबब घरात कुत्रे-मांजर असल्यास ते थारोळे ताबडतोब धुऊन काढावे. मागाहून एअर कंडिशनर बसविलेल्या गाडीखाली पावसाळी हवेत साचणारे स्वच्छ, निर्गंध पाणी मात्र निर्दोष होय. त्याच्यापायी गॅरेजवाल्याचे दार ठोठावण्याचे कारण नाही.

पेट्रोलचा डाग फारसा राहत नाही, वास राहतो. तो आला की तपास दिवसाउजेडी व उघड्या हवेत करावा, विडी-काडी दूर ठेवावी आणि बॅटरीची तार सोडून ठेवावी. हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते, आणि चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या रबरी नळ्या त्या मिश्रणाचा विचार करून बनविलेल्या नाहीत. त्या हाताला मऊ, फुगीर किंवा भेगाळ लागल्या तर गळेपर्यंत वाट पाहण्यात शहाणपणा नाही. कॅमशाफ्टवर चालणाऱ्या यांत्रिक पंपाचा पडदा फाटला असता पेट्रोल जमिनीवर न पडता इंजिनाच्या चेंबरमध्ये उतरते, आणि डिपस्टिकवर तेल कमी होण्याऐवजी वाढलेले दिसते. या वाढीवर खूश होणारे मालक अगदीच दुर्मीळ नाहीत.

ब्रेक ऑईलची गोष्ट मात्र या सर्वांहून वेगळी. ते पाण्यासारखे पातळ, रंगहीन किंवा फिकट पिवळे, बोटाला निसरडे लागते आणि रंगावर पडले तर रंग उचलते. इतर द्रवांच्या बाबतीत किती गळते हा प्रश्न असतो; याच्या बाबतीत तो प्रश्नच गैरलागू आहे. ज्या जुन्या गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकला एकच मार्ग आहे, तेथे एका चाकाच्या सिलिंडरातील फाटलेले रबर चारही चाकांचे ब्रेक एकदम निकामी करू शकते. मास्टर सिलिंडरवरील बाटलीतील पातळी उतरते आहे आणि खाली मात्र डाग नाही, अशी स्थिती असेल तर चाकांच्या आतल्या बाजू पाहाव्यात, पेडलच्या मागचा भाग पाहावा, आणि सर्वो बसविलेला असल्यास त्याच्या पोटात ते जमा होत नाही ना याची खात्री करून घ्यावी. तोपर्यंत गाडी आवाराबाहेर काढू नये.

आता जागेचा प्रश्न. येथेच सर्वाधिक फसगत होते. थेंब जेथे पडतो तेथे तो उगम पावलेला नसतो. तेल गुरुत्वाने खाली आणि चालत्या गाडीच्या वाऱ्याने मागे जाते. त्यामुळे टॅपेट कव्हरच्या कडेतून सुटलेली बारीक धार इंजिनाच्या अंगावरून ओघळत, चेंबरच्या कडेने प्रवास करीत अखेर क्लच हौसिंगच्या तळाशी लोंबू लागते, आणि पाहणारा निष्पाप ऑईल सीलवर ठपका ठेवून मोकळा होतो. सबब नियम असा, की सर्वांत वरचा व सर्वांत पुढचा ओला बिंदू गाठावा. परंतु वीस वर्षांच्या काळ्या थराखाली तो बिंदू दिसणार कसा? म्हणून इंजिन पूर्ण थंड असताना ब्रश व रॉकेल घेऊन सगळे अंग स्वच्छ करावे, चिंध्यांनी कोरडे पुसावे, रॉकेलचा वास पूर्ण उडाल्यावर संशयित सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरावी आणि दहा-पंधरा मिनिटे इंजिन चालवावे. पांढऱ्या पावडरीवर पहिली काळी रेघ जेथून फुटते तेथपासून पुढचा ओघ आपोआप वाचता येतो. तेलात रंगद्रव्य मिसळून अतिनील दिव्याखाली पाहण्याची रीत अधिक अचूक खरी, पण घरगुती कामाला पावडर पुरते.

गाडीखाली जाताना केवळ जॅकवर विसंबू नये. घोड्या लावाव्यात आणि चाकांना अडणी द्यावी. दरसाल याच चुकीने माणसे दगावतात, म्हणून एवढे बजावणे भाग आहे.

अँबॅसडरच्या मालकांना एक गोष्ट सविस्तर सांगितली पाहिजे, कारण तिच्या अज्ञानापोटी पुष्कळ पैसा वाया जातो. मॉरिसकडून वारशाने आलेल्या तिच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनात क्रँकशाफ्टच्या मागील टोकाला आजच्यासारखे रबरी सील नाही. शाफ्टवर आटे कोरलेले असून त्याभोवतीच्या कवचाला तो कोठेही टेकत नाही. शाफ्ट फिरू लागला की ते आटे बाहेर येऊ पाहणारे तेल स्क्रूप्रमाणे पुन्हा आत ढकलतात. रचना सुंदर आहे, घर्षण नाही, झीज नाही. पण इंजिन थांबले की ढकलणारा कोणी उरत नाही, आणि फटीत राहिलेले तेल क्लच हौसिंगच्या तळच्या भोकातून दोन-चार थेंब खाली सोडते. ‘अँबॅसडर थेंब टाकत नसेल तर आधी तेल आहे का ते पाहा’ असा मेस्त्री लोकांत विनोद आहे, तो सर्वस्वी निराधार नव्हे. असे मोजके थेंब हा दोष नसून त्या रचनेचा स्वभाव होय. थेंबांचे थारोळे होऊ लागले, किंवा क्लच घसरू लागला, तर मात्र मेन बेअरिंग झिजून फट वाढली आहे काय हा प्रश्न निघतो. आणि तोही लगेच नव्हे.

लगेच नव्हे, कारण त्याआधी ब्रीदर पाहावयाचा असतो. पिस्टनच्या रिंगांना चुकवून थोडासा वायू नेहमीच चेंबरमध्ये शिरतो, आणि त्याला बाहेर पडण्यासाठी इंजिनाला एक श्वासनलिका दिलेली असते. ती काजळीने व चिकट गाळाने बुजली, की आत दाब साचतो, आणि भाताच्या पातेल्यावरील घट्ट झाकणाच्या कडेने पेज बाहेर यावी तसे तेल जेथे म्हणून सांधा कच्चा असेल तेथून वाट काढते. एकाच वेळी तीन-चार ठिकाणांहून पाझर सुरू झाला असेल तर चारही गॅस्केट एका महिन्यात वारली असे मानण्यापेक्षा नळी तुंबली असे मानणे अधिक युक्त. तेल भरण्याचे टोपण सैल करून चालत्या इंजिनाच्या तोंडावर हात धरावा. धूर फुसफुसत जोराने येत असेल तर प्रथम नळी धुवावी, आणि तरीही जोर कायम असेल तर रिंगा झिजल्या असे समजावे. नवे सील घालून जुना दाब तसाच ठेवणाऱ्या मेस्त्रीकडे तीच गाडी तीन महिन्यांत पुन्हा जाते. यात त्याचे नुकसान काहीच नाही.

टॅपेट कव्हरचे नट आवळण्याचा मोह हाही असाच. पत्र्याच्या कव्हराखालील बुचाचे पॅकिंग एका मर्यादेपर्यंतच दाबले जाते. त्यापुढे पत्रा वाकतो, पॅकिंग चिरडून बाहेर येते आणि पाझराची धार होते. नवे पॅकिंग घालण्यापूर्वी कव्हराची कड सपाट जागेवर ठेवून तपासावी व ठोकून सरळ करावी. चेंबरच्या ड्रेन प्लगबाबत तर आवळण्याऐवजी वॉशर बदलणेच उचित. तांब्याचा वॉशर एकदा दबला की तो पुन्हा तितका मऊ राहत नाही. बाटलीतून ओतावयाच्या गळतीनाशक औषधांविषयी माझे मत प्रतिकूल आहे: तेलातील औषध जुन्या रबराला फुगवून काही काळ तग धरावयास लावते, आणि रेडिएटरमधील औषध भोकाबरोबर बारीक नळ्याही बुजविते.

पाण्याची गळती तुलनेने सोपी. होजपाइपांच्या क्लिपा, रेडिएटरचे झाळकाम, ब्लॉकच्या बाजूचे गंजलेले पत्र्याचे प्लग आणि वॉटर पंपाच्या दांड्याखालील लहानसे छिद्र एवढ्या जागा पाहिल्या की बहुतेक प्रकरणे निकालात निघतात. त्या छिद्रातून पाणी येणे म्हणजे पंपाचे सील संपले. ते छिद्र बुजवू नये, अन्यथा पाणी पंपाच्या बेअरिंगमध्ये जाईल. पाणी कमी होते, जमीन कोरडी, आणि ऑईलच्या टोपणाखाली दुधाळ साय दिसते, अशी तिन्ही लक्षणे जुळल्यास हेड गॅस्केटचा संशय घ्यावा.

राहता राहिले मागचे चाक. डिफरन्शियलच्या हौसिंगलाही बहुधा एक लहान श्वासछिद्र असते, ते चिखलाने बुजते, आणि मग तापलेल्या तेलाचा दाब ॲक्सलच्या सीलवर येऊन तेल थेट ब्रेकच्या ड्रममध्ये उतरते. टायरच्या आतल्या बाजूस ओलावा दिसला तर तो डिफरन्शियलच्या तेलाचा की ब्रेक ऑईलचा, हे ठरविण्यास पेलाभर पाणी पुरेसे आहे: त्यात सोडलेला थेंब तरंगत राहिला तर तेल, विरघळून गेला तर ब्रेक ऑईल. दोन्ही प्रसंगी ड्रम उघडावाच लागतो, लायनिंग भिजले असल्यास बदलावेच लागते, आणि ते दोन्ही बाजूंचे एकदम बदलावे लागते. ड्रम काढण्याची, चाकाचा सिलिंडर सोडविण्याची व ब्रेकमधील हवा काढण्याची रीत पुढील लेखांकात देऊ.