मुलांची सहल व मागें राहणारीं छायाचित्रें

उन्हाळ्याची सुटी लागली म्हणजे लहान मुलांना घेऊन कोठें जावें, हा प्रश्न हल्लीं घरोघर उपस्थित होतो, आणि त्याचें उत्तर पुष्कळदां एखाद्या थीम पार्कवर येऊन ठरतें. खोपोलीजवळ २०१३ सालीं सुरू झालेलें इमॅजिका हें आपल्याकडील त्याचें परिचित उदाहरण होय. त्यापूर्वीं १९८९ सालीं मुंबईजवळ गोराईस एस्सेल वर्ल्ड निघालें. तेथें बालपणीं गेलेली पिढी आज स्वतः आईबाप झाली आहे. हें सारें म्हणजे जत्रेंतील रहाटपाळण्याचेंच वाढलेलें रूप, असें म्हणून कित्येक वृद्ध मंडळी त्याची बोळवण करतात. परंतु या उद्यानांच्या मुळाशीं जी कल्पना आहे, ती कुटुंबवत्सल वाचकांनीं समजून घेण्यासारखी आहे.

अमेरिकेंतील चित्रपटकर्ते वॉल्ट डिस्ने हे सुटीच्या दिवशीं आपल्या दोन मुलींना लॉस एंजलिस शहरांतील ग्रिफिथ पार्कमध्यें फिरत्या घोड्यांवर बसवावयास नेत. मुली घोड्यांवर व वडील बांकावर, असा क्रम चाले. मुलांनीं आणि वडील माणसांनीं मिळून मौज करावी असें एखादें स्थळ कां असूं नये, हा विचार त्या बांकावर सुचला, असें ते स्वतः सांगत. पुढें १७ जुलै १९५५ रोजीं ॲनाहाइम येथें त्यांचें डिस्नेलँड उघडलें. तात्पर्य, बापाला बांकावरून उठवून मुलांत आणावें, हा या खटाटोपाचा एक मूळ हेतु होता.

आज चमत्कार असा दिसतो कीं, तोच बाप फिरून बांकावर जाऊन बसला आहे. हा नवा बांक हाताच्या तळव्यांत मावतो, एवढाच काय तो फरक! मूल घोड्यावरून हात हालवितें, तेव्हां वडिलांचे डोळे मुलाकडे नसून फोनच्या कांचेकडे असतात. "इकडे बघ, जरा हंस, पुन्हां एकदां," या आज्ञांत दिवस सरतो. पूर्वीं फिल्मच्या एका रिळांत छत्तीस चित्रें निघत. सदतिसावें निघणार नाहीं हें ठाऊक असल्यामुळें माणूस आधीं पाही आणि मग कळ दाबी. आतां मोजदाद उरली नाहीं, म्हणून आधीं कळ दाबावयाची आणि पाहण्याचें काम पुढें ढकलावयाचें, असें होऊन बसलें आहे.

छायाचित्र घेतलें म्हणजे आठवण सांठविली, ही समजूत सार्वत्रिक आहे. पण ती तपासून पाहिली पाहिजे. तर्कसंग्रहांत ज्ञानाचे अनुभव व स्मृति असे दोन प्रकार मानून स्मृति ही संस्कारापासून उपजते, असें सांगितलें आहे. हा संस्कार जागा होण्यास कांहीं उद्बोधक लागतें, असें नैयायिक म्हणतात. सादृश्य, अभ्यास, वियोग अशीं स्मरणाचीं अनेक निमित्तें न्यायसूत्रांत गणलीं आहेत. या दृष्टीनें पाहतां छायाचित्र हा संस्कार नव्हे, तें केवळ उद्बोधक होय. अनुभवच नीट घेतला नाहीं, तर संस्कार कोठून उमटणार? आणि संस्कारच नसेल, तर उद्बोधकानें जागें कोणाला करावयाचें?

अर्वाचीन मानसशास्त्रहि याच दिशेस बोट दाखवितें. लिंडा हेंकेल या अमेरिकन विदुषींचा प्रयोग २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. संग्रहालयांतील ज्या वस्तूंचीं छायाचित्रें लोकांनीं घेतलीं, त्या त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षां कमी आठवल्या. मात्र वस्तूचा एखादा भाग जवळून टिपला असतां ही हानि झाली नाहीं. २०१७ सालच्या दुसऱ्या एका संशोधनांत असें आढळलें कीं, स्वेच्छेनें चित्रें घेणाऱ्यांस पाहिलेलें अधिक आठवतें, पण ऐकलेलें कमी आठवतें. लहान मुलांच्या सहलींत ही गोष्ट फार मोलाची आहे. कारण तेथें पाहण्याइतकेंच ऐकण्यासारखेंहि असतें.

आमची चार वर्षांची नात आमच्यासह खोपोलीहून परत आली, तेव्हां चिरंजीवांच्या फोनमध्यें तीनशेंवर चित्रें होतीं. रात्रीं आजीनें तिला मांडीवर घेऊन विचारलें, "काय काय पाहिलेंस ग?" उंच पाळणे, रोषणाई यांपैकीं कशाचेंहि नांव न घेतां ती म्हणाली, "आजी, आजोबांनीं डोळे मिटले होते. मग मीं त्यांचा हात धरला." तीनशें चित्रांत हा प्रसंग कोठेंच नव्हता, आणि तिच्या लेखीं सहल ती एवढीच होती. आजीनें तीं वाक्यें कॅलेंडरच्या पाठीवर तारखेसह लिहून ठेवलीं.

बहुतेक माणसांची सर्वांत जुनी आठवण सुमारें तीन-साडेतीन वर्षांच्या वयापलीकडे जात नाहीं. मग दोन वर्षांच्या बाळाला नेणें व्यर्थ कीं काय? मुळींच नाहीं, त्या दिवसाचा आनंद त्या दिवशीं खराच असतो. पण पुढें त्याच्याजवळ जें उरेल, तें आपण दाखविलेल्या चित्रांतून आणि सांगितलेल्या गोष्टींतून घडेल, हें ध्यानांत ठेवावें. घडलेल्या गोष्टी ज्या घरांत मुलांशीं तपशीलवार बोलल्या जातात, तेथील मुलांच्या आठवणी अधिक भरीव असतात. ज्या घरांत आजी, काकू, आत्या अशीं ऐकणारीं माणसें आहेत, त्या घराचें हें मोठेंच भाग्य!

येथें जबाबदारीहि तेवढीच आहे. २००२ सालच्या एका प्रयोगांत कांहीं तरुणांना, ते बालपणीं उष्ण हवेच्या फुग्यांतून उडाले आहेत, असें बनावट छायाचित्र दाखविलें. वीसांपैकीं दहा जणांना तो न घडलेला प्रवास कमी-अधिक आठवूं लागला! त्याच वर्षींच्या दुसऱ्या प्रयोगांत, डिस्नेलँडमध्यें बग्ज बनी ससा भेटतो अशी कृत्रिम जाहिरात वाचून कांहीं जणांना आपण त्याला तेथें भेटल्याचें वाटलें. वस्तुतः तो ससा वॉर्नर ब्रदर्स या दुसऱ्याच कंपनीचा. तेथें तो असणेंच अशक्य. चित्राचा अधिकार एवढा मोठा आहे. भ्यालेल्या मुलाला दटावून हंसविलें आणि तेवढेंच टिपलें, तर त्याचें खरें भय आणि त्या वेळीं त्याला मिळालेला आधार, दोन्ही त्याच्या आयुष्यांतून पुसलीं जातात.

म्हणून आमची सूचना एवढीच. फेरीच्या वेळीं फोन खिशांत ठेवून मुलाच्या शेजारीं बसावें. दिवसांत मोजकीं दहा-बारा चित्रें घ्यावीं. तीं मुलाच्या उंचीला वांकून, जवळून आणि त्याच्या नकळत घ्यावीं. कॅमेरा एकाच्याच हातांत राहूं देऊं नये. नाहींतर दिवसभर डबे व पिशव्या वाहणारी आई किंवा चित्रें घेणारा बाप सहलीस आलाच नव्हता, असें पुढच्या पिढीस वाटेल. घरीं येतांच निवडक चित्रें कागदावर छापून घ्यावीं, आणि मागें तिथि, स्थळ, बरोबरच्या माणसांचीं नांवें व मुलाचें त्या दिवशींचें एखादें वाक्य लिहावें. मग रात्रीं जेवणें आटोपल्यावर तीं मुलाच्या हातीं देऊन त्यालाच गोष्ट सांगूं द्यावी. तें अडखळलें तर शब्द पुरवावा, पण गोष्ट त्याचीच राहूं द्यावी. यास फारसा खर्च येत नाहीं. घरांतील एका वडील माणसाला अर्धा तास स्वस्थ बसून ऐकावें लागतें, इतकेंच.