अम्लपित्ताची गोळी आणि जठरातील जिवाणू

रोज सकाळी उपाशीपोटी पँटोप्राझोल घेणारे रुग्ण आपणा सर्वांच्या परिचयाचे आहेत. ‘गोळी घेतली की बरे, सोडली की पुन्हा जळजळ,’ ही त्यांची नित्याची तक्रार. माधवनिदानातील अम्लपित्ताची लक्षणे जुळली की आपण अविपत्तिकर चूर्ण वा सूतशेखर योजतो. परंतु ही गोळी जिवाणूबाधित जठरात कार्य करीत होती की निरोगी जठरात, याचा विचार आपण क्वचितच करतो.

ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरेन व बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू प्रथम वाढवून दाखविला. त्यासाठी त्यांना २००५ चे नोबेल पारितोषिक लाभले. हा जिवाणू युरियापासून अमोनिया तयार करून स्वतःभोवतीचे आम्ल शमवितो. ओमेप्राझोल वर्गातील औषधाने अम्लस्राव घटला, की उरलेले आम्ल हा अमोनिया सहज निष्प्रभ करतो. शिवाय जठराच्या मध्यभागी शोथ असल्यास आम्लनिर्मितीही मंदावते. म्हणून बाधित जठरात तीच मात्रा अधिक प्रभावी ठरते आणि जिवाणूचे निर्मूलन झाल्यावर तिचा प्रभाव उणावतो. अशा वेळी ‘ही गोळी पूर्वीसारखी लागू पडत नाही’ अशी तक्रार आल्यास औषधविक्रेत्यांनी गोळीलाच दोष देऊ नये.

गोळी सोडल्यानंतरची स्थितीही भिन्न असते. काही आठवडे घेतलेली गोळी एकाएकी थांबविल्यास अम्लस्राव काही काळ पूर्वीपेक्षा वाढतो. हा प्रकार मुख्यत्वे जिवाणू नसलेल्यांत आढळतो. नेमक्या याच काळात आपली चिकित्सा सुरू झाली, तर अपयश तिच्या माथी येते.

याहून गंभीर धोका निदानाचा आहे. गोळी चालू असताना जिवाणूंची संख्या घटते व श्वासपरीक्षा, मलातील अँटिजेन तपासणी किंवा बायोप्सी खोटा ‘नाही’ दाखवू शकते. म्हणून तपासणीपूर्वी ही गोळी किमान दोन आठवडे आणि प्रतिजैविके चार आठवडे बंद असावी लागतात. जिवाणू तसाच राहून गोळी दीर्घकाळ चालली, तर शोथ जठराच्या मध्यभागाकडे सरकतो. हा जिवाणू जठराच्या कर्करोगाचे कारण असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच जाहीर केले आहे.

तेव्हा प्रश्नपरीक्षेत गोळीचे नाव, मात्रा व कालावधी अवश्य नोंदवावा. व्रणाचा वा रक्तस्रावाचा इतिहास असलेल्या, तसेच अ‍ॅस्पिरिन किंवा वेदनाशामके घेणाऱ्या रुग्णाची गोळी मूळ चिकित्सकास विचारल्याविना थांबवू नये. काळा मल, रक्ताची उलटी, गिळताना अडथळा वा अकारण वजन घटणे दिसल्यास दुर्बीण तपासणीसाठी त्वरित पाठवावे. औषधविक्रेत्यांनीही महिनोन्‌महिने चिठ्ठीविना हीच गोळी मागणाऱ्यास चिकित्सकाकडे धाडावे. लक्षण शमले म्हणजे हेतू नष्ट झाला असे नव्हे. निदानपरिवर्जन हीच चिकित्सेची पहिली पायरी, हे आपल्या शास्त्राने आपणास शिकविलेच आहे.