माहिती चौकट : टिपऱ्यांचं घर

'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका २००१ मध्ये अल्फा मराठीवर सुरू झाली आणि २००५ पर्यंत चालली. त्याच वर्षी वाहिनीचं नाव झी मराठी झालं. दिग्दर्शक केदार शिंदे. मुळाशी होतं दिलीप प्रभावळकरांचं 'अनुदिनी' हे सदरलेखन.

आबा, म्हणजे गंगाधर टिपरे, प्रभावळकरांनीच रंगवले, तेव्हा त्यांचं वय होतं जेमतेम सत्तावन्न! मुलगा शेखर (राजन भिसे), सून श्यामला (शुभांगी गोखले), नातवंडं शिऱ्या (विकास कदम) आणि शलाका (रेश्मा नाईक). एका छपराखाली तीन पिढ्या, त्यांची रोजची कुरबुर, आणि रात्री डायरीत दिवसाची नोंद करणारे आबा. खलनायक नाही, कटकारस्थान नाही. घरातलं माणूसच घरातल्या माणसाशी भांडतं आणि जेवायला एकत्र बसतं. मालिका आजही ताजी वाटते ती यामुळेच.

त्याआधी प्रभावळकरांचा 'चिमणराव' सत्तरच्या दशकात मुंबई दूरदर्शनवर गाजला. चिं. वि. जोश्यांच्या कथांवरची ती मालिका, गुंड्याभाऊ होते बाळ कर्वे. पण मुंबई केंद्राच्या प्रक्षेपणाचा पल्ला तेव्हा रत्नागिरीपर्यंत नव्हता. इथल्या अनेकांनी चिमणराव पाहिला तो मुंबईतल्या नातेवाइकांकडे मुक्कामाला गेल्यावर, नाहीतर चाकरमान्यांच्या तोंडून नुसता ऐकला. टिपरे मात्र केबलवरून थेट घरात आले. मुंबईत एक पाय आणि कोकणात दुसरा असलेल्या कुटुंबांना दोन्हीकडे एकाच आठवड्यात एकच भाग पाहता आला, आणि फोनवर बोलायला हक्काचा विषय मिळाला.