काचेतला धागा

गेल्या पावसाळ्यात माझ्या सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाल्यावर आम्ही त्यांना बेळगावला आमच्याकडेच आणलं. त्यांची भाषा कन्नड, माझी मराठी, आणि घरात दोन्हींची खिचडी. मी त्यांना ‘अत्ते’ म्हणतो, मुलगी ‘अज्जी’. साताऱ्याहून माझी आत्या त्यांना बघायला आली होती. तेवढ्यात अत्तेंनी नातीला हाक मारली, ‘पुट्टी, हालु बेकु!’ आत्याला वाटलं, विहीणबाई आपले हाल सांगताहेत. तिनं डोळ्यांना पदर लावला. मुलगी मात्र दुधाचा पेला घेऊन आली!

हसण्यावारी गेलं खरं, पण अत्ते मनातून खचल्या होत्या. ‘एलुबेल्ला सुण्णा आगिदे,’ असं त्या दिवसातून चारदा म्हणायच्या. हाडांचा पार चुना झालाय, आता काय उरलंय, असा त्यांचा सूर. जेवण कमी केलं, फक्त दूध तेवढं मागायच्या. डॉक्टर म्हणाले, ‘दूध घ्याच, पण डाळी-कडधान्यंही खा. हाड म्हणजे नुसता चुना नव्हे.’

मी मराठीचा प्राध्यापक. चुना नव्हे तर मग काय, हे मला सांगता येईना. म्हणून कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या मित्राला गाठलं. तो म्हणाला, ‘सर, हाडाचं नंतर बघू. आधी समुद्रातला स्पंज बघा.’

स्पंज म्हटलं की आपल्याला पाटी पुसायचा तुकडा आठवतो. पण खरा स्पंज हा जिवंत प्राणी आहे. त्याला मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, पोटही नाही. अंगावरच्या असंख्य छिद्रांतून पाणी आत घ्यायचं आणि त्यातले अन्नकण टिपायचे, एवढाच त्याचा संसार. प्राण्यांच्या वंशवृक्षावरची ही अतिशय जुनी फांदी. काही स्पंजांचा सांगाडा नुसत्या लवचिक तंतूंचा असतो, काहींचा चुनखडीचा आणि पुष्कळांचा चक्क काचेचा!

मित्रानं सूक्ष्मदर्शकाखाली पट्टी ठेवली. दोन्ही टोकांना निमुळत्या, नितळ सुया दिसल्या. यांना कंटिका म्हणतात. ही वाळूतल्या सिलिकाचीच काच, फक्त थोडं पाणी मुरलेली. शुद्ध वाळू वितळवायला माणसाला सुमारे १७०० अंश सेल्सियसची भट्टी लागते. आणि स्पंज? तो थंड समुद्राच्या पाण्यात विरघळलेला सिलिकाचा अगदी तुटपुंजा अंश गोळा करतो आणि विस्तवाशिवाय काच घडवतो.

हे जमतं कसं? अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या शाखेत डॅनियल मोर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘टेथिया ऑरँशिया’ हा नारिंगी स्पंज अभ्यासाला घेतला. त्याच्या कोरड्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग सिलिकाच असतो. त्याची एकेक सुई एक-दोन मिलिमीटर लांब. काच विरघळवणाऱ्या आम्लात या सुया टाकल्या, तेव्हा प्रत्येक सुईच्या गाभ्यातून एक बारीक धागा निघाला. तो होता प्रथिनाचा. १९९८ साली त्यांनी या प्रथिनाचं नाव जाहीर केलं, ‘सिलिकाटीन’.

म्हणजे स्पंजाची पेशी आधी धागा तयार करते आणि मग त्या धाग्याभोवती काचेचे थर चढतात. मेणबत्तीत जशी वात, तसा सुईत धागा. पण वात नुसती आधार देते, हा धागा स्वतः कामही करतो. १९९९ साली त्याच गटानं हे धागे सिलिकॉनच्या एका संयुगात साध्या खोलीच्या तापमानाला ठेवले. धाग्यांवर सिलिका साचू लागली. तेच धागे तापवून त्यांची मूळ घडण मोडली, तेव्हा त्यांचं हे सामर्थ्य गेलं.

पुढची गोष्ट मला सर्वांत आवडली. हे सिलिकाटीन कुणाचा भाऊबंद आहे ठाऊक आहे? ‘कॅथेप्सिन एल’ नावाच्या, प्रथिनं तोडणाऱ्या एका पाचक रसायनाचा. ते तुमच्या-आमच्या पेशींतही असतं. दोघांची घडण बरीचशी सारखी. मात्र ज्या मोक्याच्या जागी तोडणाऱ्याकडे ‘सिस्टीन’ हा घटक आहे, तिथं सिलिकाटीनकडे ‘सेरीन’ आहे. या दोन घटकांत फरक केवढा? गंधकाच्या एका अणूच्या जागी ऑक्सिजनचा एक अणू! बाकीही काही बदल आहेतच, पण प्रयोगशाळेत हे सेरीन काढून तिथं दुसरा घटक बसवला, तेव्हा सिलिकाटीनचं काम मंदावलं. एका उकारानं ‘हाल’चं ‘हालु’ होतं, तसंच काहीसं हे. तोडणाऱ्यांच्या घराण्यात बांधणारा जन्माला आला.

सुया तयार झाल्या म्हणजे घर उभं राहिलं असं नाही. २०१५ साली जपानमधल्या संशोधकांनी गोड्या पाण्यातल्या स्पंजात पुढचं काम टिपलं. काही पेशी तयार सुया उचलून नेतात, त्यांचं टोक वरच्या पातळ त्वचेत घुसवून त्या तंबूच्या खांबासारख्या उभ्या करतात. मग दुसऱ्या पेशी त्या खांबांच्या बुडाशी कोलॅजन नावाचं प्रथिन ओतून ते पक्के करतात. मुकादम कुणी नाही, नकाशा कुणाच्या हातात नाही, तरी मांडव उभा राहतो.

कोलॅजन हा शब्द आला आणि मित्र म्हणाला, ‘आता तुमच्या सासूबाईंचं हाड घ्या.’ आपल्या हाडातही कोलॅजनच्याच धाग्यांचं जाळं असतं आणि कॅल्शियम फॉस्फेटचे सूक्ष्म कण त्याच जाळ्यात बसतात. त्यानं कपाटातून एक बरणी काढली. कोंबडीचं हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये ठेवलं होतं. खनिज निघून गेलेलं, आकार मात्र तसाच. त्यानं ते सरळ वाकवून दाखवलं! उलट हाड जाळलं तर धागे जळतात, खनिज उरतं. तेही दिसायला हाडच, पण चिमटीत चुरा होतो. खनिजानं कडकपणा येतो आणि धाग्यानं चिवटपणा. दोन्ही हवेत.

अर्थात, डाळीतलं प्रथिन थेट हाडात जाऊन बसत नाही. पचनात त्याचे घटक सुटे होतात आणि त्यांतून शरीर आपला धागा आपणच कातत राहतं. उतारवयात हा वेग मंदावतो, पण थांबत नाही. हाड हे जिवंत आहे, ते रोज थोडं मोडतं आणि रोज थोडं बांधलं जातं.

त्या संध्याकाळी मी अत्तेंच्या खाटेशी बसलो. माझ्या मोडक्या कन्नडमध्ये आणि मुलीच्या मदतीनं त्यांना स्पंजाची, काचेची, धाग्याची सगळी गोष्ट सांगितली. बरणीतलं हाड वाकलं, इथं त्यांनी मान वर केली. ‘म्हणजे अजून आत धागा आहे?’ असं त्यांनी नातीला कन्नडमध्ये विचारलं. ‘आहे ना, अज्जी, आणि रोज नवा होतोय,’ ती म्हणाली.

अत्ते बराच वेळ छताकडे बघत राहिल्या. मग स्वयंपाकघराच्या दिशेनं आपल्या लेकीला हाक मारून म्हणाल्या, ‘हागाद्रे बेळे सारु माडु!’

त्या रात्री आमच्या घरी डाळीचं सार झालं. अत्तेंनी दोन वाट्या घेतल्या.