मुरगळलेला घोटा
पहाटे तलावपाळीला फेऱ्या मारताना असो वा डोंबिवली स्थानकाचा जिना उतरताना, पाय मुरगळतो तो बहुधा पाऊल आत वळूनच. घोट्याच्या आतील अस्थिबंध रुंद व बळकट, बाहेरील तीन मात्र अरुंद. ताण तेच सोसतात. पावलातील २६ हाडांपैकी घोट्याच्या खोबणीत बसणाऱ्या हाडाला तर एकही स्नायू जोडलेला नाही. त्याची सारी भिस्त या बंधांवर. घरोघरी लगेच तेल चोळण्याची घाई होते, ती टाळावी. घोट्याच्या उंचवट्याची मागील कड दाबताच कळ आली, अथवा चार पावलेही टाकता आली नाहीत, तर त्याच दिवशी क्ष-किरण तपासणी करावी. मधुमेहाने पायाची संवेदना मंदावली असेल, तर दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नये. सूज दिसताच डॉक्टरांना दाखवावे.