480 पट्ट्या, 600 फूट सांधे: हेरिंगबोन लादीचा खरा खर्च

माशाच्या काट्यासारखी, एकमेकींना काटकोनात भिडणाऱ्या पट्ट्यांची ती नागमोडी नक्षी दुकानात पाहिली की जीव अडकतोच. मग आपण टाइलचा दर विचारतो आणि तिथेच चुकतो. हेरिंगबोनचा खर्च दरात कमी आणि तुकड्यांच्या संख्येत जास्त असतो.

10 बाय 12 फुटांची खोली घ्या. 2 बाय 2 फुटांची साधी टाइल लावली तर 30 नगांत काम संपतं. त्याच खोलीत 3 बाय 12 इंचाच्या पट्ट्या लावायच्या तर लागतात 480! म्हणजे मिस्त्रीला सोळापट वेळा वाकून तुकडा ठेवायचा, ठोकायचा, पातळी बघायची. मजुरी का वाढते, हे वेगळं सांगायला नको.

त्याहून गंमत सांध्यांची. मोठ्या टाइलमध्ये त्या खोलीत साधारण 120 फूट सांधे भरावे लागतात, बारीक पट्ट्यांत जवळपास 600 फूट. ग्राउट जास्त, भरायला वेळ जास्त आणि पुढे घासायच्या रेषाही पाचपट. स्वयंपाकघरात ही नक्षी हवी असेल तर फिकट ग्राउटचा मोह टाळाच.

आणि वाया जाणारा माल? सरळ लावलेल्या लादीत साधारण 5 टक्के धरतात, हेरिंगबोनमध्ये 10 ते 15. टाइल समजा 100 रुपये चौरस फूट असेल, तर 120 चौरस फुटांच्या खोलीत 5 टक्क्यांऐवजी 15 टक्के धरल्याने 1,200 रुपयेच वाढतात. बिल फुगतं ते कटिंगच्या आणि बसवण्याच्या मजुरीने.

पॅसेज चिंचोळा, म्हणून स्वस्तात होईल असं वाटतं ना? उलट! कापाकापी भिंतीलगत होते आणि अरुंद जागेत क्षेत्रफळाच्या मानाने भिंतच जास्त. फुटामागे हॉलच परवडतो.

48 इंची लांब पट्ट्या घेतल्या तर नग कमी होतात हे खरं. 8 बाय 48 च्या फक्त 45 पट्ट्यांत तीच खोली भरते. पण 45 अंशांत लावल्यावर 10 फुटांच्या रुंदीत नक्षीचे जेमतेम साडेतीन पट्टे बसतात, मग ती नक्षी कसली! शिवाय लांब टाइलला मधे किंचित बाक असतो आणि सांध्यावर कड वर येते. माझं मत विचाराल तर लहान खोलीला बारीक पट्टीच शोभते.

शेव्हरॉन ही याच घराण्यातली दुसरी नक्षी. तिथे पट्टीची टोकं तिरपी कापून बाणासारखी जुळवतात. हेरिंगबोनला मात्र साधी आयताकृती पट्टी चालते, म्हणून ती तुलनेने स्वस्त पडते.

हे फॅड नवं नाही बरं का. रोममधल्या सम्राट ट्रेजनच्या बाजारात विटांची अशीच जमीन आहे. फ्लोरेन्सच्या कॅथीड्रलचा घुमट 1420 ते 1436 मध्ये उभा राहिला, तेव्हा त्याचा वास्तुविशारद ब्रुनेलेस्कीने विटा याच नक्षीत रचल्या. आडव्या थरांमधल्या उभ्या विटांनी बाकीच्यांना घसरू दिलं नाही आणि खालून लाकडी आधाराचा सांगाडा न उभारता घुमट चढत गेला. आजही गाड्यांची ये-जा असते तिथे आयताकृती पेव्हर ब्लॉक असेच लावतात, कारण चाकांच्या रेट्याने ते सरकत नाहीत.

घरात मात्र सगळं ठरतं पहिल्या ओळीवर. भिंती क्वचितच गुण्यात असतात, त्यामुळे जाणता मिस्त्री भिंतीपासून सुरुवात करत नाही. खोलीच्या मध्यातून दोरी मारतो, पट्ट्या कोरड्या मांडून बघतो, मगच माल कालवतो. या मांडामांडीचे पैसे मागितले तर आनंदाने द्या.

भाव ठरवताना तीन गोष्टी आधीच विचारा: मजुरीचा दर खोलीच्या मापावर की आणलेल्या मालावर, कटिंग त्यात धरलंय का, आणि ग्राउट भरणं वेगळं का. सगळी खोकी एकाच बॅचची घ्या आणि एखादं खोकं जास्तीचं माळ्यावर ठेवा, कारण दोन वर्षांनी तीच छटा मिळेलच असं नाही.