*वळू निवडताना आधी पाय पाहा, शिंगं नंतर*



एकच वळू गावात दोन-तीन वर्षं फिरला की गोठ्यागोठ्यात त्याचीच वासरं दिसतात. त्याच्या बांध्यात खोट असेल तर ती उद्याच्या बैलजोडीत अन् कालवडीत उतरू शकते. म्हणून गोऱ्हा राखण्याआधी हे तपासा:

*1) पाय:* सपाट जागेवर चालवून बघा. मागून पाहिल्यावर मागचे पाय सरळ दिसावेत, गुडघे एकमेकांना घासू नयेत. खूर घट्ट असावेत. मागचे पाय कमजोर असले तर वळू गाईवर नीट चढत नाही.

*2) छाती-पाठ:* पुढच्या दोन पायांत अंतर, बरगड्या फुगीर, पाठ सरळ.

*3) अंड:* दोन्ही सारखी अन् खाली उतरलेली. एकच दिसत असेल तर तो गोऱ्हा राखू नका.

*4) आई:* कास पोटाला धरून, चारही सड सारखे, वेळेवर गाभण राहणारी.

आपल्या शेजारच्या वर्धा-नागपूरकडची गवळाऊ जात हलक्या बांध्याचीच असते: पांढरा-राखाडी रंग, लांबट तोंड, आखूड शिंगं. तिच्यात जाडजूड अंग शोधू नका. लहान चणीच्या कालवडीला फार मोठा वळू लावला तर विताना वासरू अडकू शकते.

⚠️ वळूच्या स्वतःच्या कालवडी माजावर यायच्या आत वळू बदला. लावण्याआधी ब्रुसेलोसिससाठी रक्त तपासून घ्या. बाकीचे गोऱ्हे वेळेत खच्ची करा, नाहीतर निवडीचा उपयोग नाही.

शंका असल्यास गोऱ्ह्याचा बाजूने अन् मागून फोटो याच नंबरवर पाठवा.